पहिला रविवार एकट्याने काढायला लावू नका

महोदय,

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मूल घर सोडणार असले की ख्रिस्ती घरांत दोन गोष्टी हमखास होतात. शेवटच्या आठवड्यात कोरे करकरीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणले जाते आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घरी प्रार्थनासभा होते. दोन्ही चांगलेच, पण तेवढ्याला तयारी म्हणता येत नाही. तयारीला वर्षभर आधी लागावे लागते. मुलाच्या श्रद्धेची जी कामे आजवर आईवडील परस्पर उरकत आले, ती एकेक करून त्याच्या हातात देणे, एवढेच त्या वर्षाचे काम.

ही कामे कोणती, ते रविवारी सकाळी दिसते. मुलाला उठवते आई. उपासनेची वेळ बदलल्याचे लक्षात ठेवतात वडील. दानथैली समोर आली की कुणीतरी पटकन त्याच्या मुठीत नोट सरकवते. मग परगावी पहिल्याच रविवारी ते झोपून राहिले, तर श्रद्धा डळमळली असे समजायचे कारण नाही. आपले आपण उठून जायचा सरावच नव्हता. शेवटचे 6 महिने उठवणे बंद करावे. दोन-चार उपासना बुडतील, त्या घरी असताना बुडालेल्या बऱ्या. दानही त्याने हातखर्चातून महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळे काढावे. उरले तर देऊ म्हटले की उरत नाही.

घरची प्रार्थना जशीच्या तशी वसतिगृहात नेता येत नाही. चौघांनी मिळून गीत म्हणून केलेली अर्ध्या तासाची प्रार्थना वेगळी आणि शेजारच्या पलंगावर कुणी झोपलेले असताना एकट्याने केलेली वेगळी. त्यासाठी 10 मिनिटांचा क्रम आधीच अंगवळणी पडावा: एक उतारा, थोडी शांतता आणि त्या दिवसाच्या एका खऱ्या अडचणीबद्दल दोन वाक्ये. वर्षभरात अख्खे बायबल वाचायचा तक्ता मात्र हाती देऊ नये. उत्पत्ती हे पहिले पुस्तक भराभर होते, दुसरे निर्गम अर्ध्यावर मंदावते आणि तिसऱ्या लेवीयात गाडी रुतते. मग राहिलेल्या अध्यायांची थकबाकी चढत जाते आणि तिच्या धास्तीने पुस्तकच उघडले जात नाही. त्यापेक्षा येशूचे चरित्र सांगणारे मार्कचे शुभवर्तमान घ्यावे: 16 अध्याय, रोज एक. नीतिसूत्रांचे 31 अध्याय तारखेप्रमाणे वाचता येतात. चार दिवस चुकले तर मागे न जाता आजच्या तारखेचा अध्याय उघडायचा. आणि प्रत कोरी नको. जिच्यात त्याच्या खुणा आहेत, पाने सुटायला आली आहेत, तीच बरोबर द्यावी.

आता कागदपत्रे. बाप्तिस्म्याची मूळ नोंद, ज्या चर्चमध्ये तो झाला तिथल्या नोंदवहीतच राहते. आपल्या हाती असतो तो तिचा उतारा. कॅथलिक पंथात दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा दृढ करणारा संस्कार) आणि विवाह यांच्या नोंदीही त्याच वहीत होतात, म्हणून लग्नाच्या वेळी ताजा दाखला मागतात. त्या चर्चचे नाव आणि बाप्तिस्म्याची तारीख मुलाला तोंडपाठ हवी. दाखल्यावरचे नाव शाळेच्या दाखल्याशी आताच ताडून पाहावे. दोन कागदांवर दोन नावे, ही भानगड नेमकी लग्नाच्या तोंडावर निघते. प्रॉटेस्टंट मंडळीतल्या मुलाचे सभासदत्व दोन-तीन वर्षांच्या शिक्षणासाठी हलवायची घाई नको. पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, परिचयपत्र पुरते. मूल प्रभुभोजन (उपासनेतला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेते की नाही, हे त्यात लिहिलेले असावे.

सगळ्यांत मोठी चूक होते ती सोडायला जाताना. पालक बुधवारी पोहोचतात, शुक्रवारी परततात आणि पहिला रविवार मूल एकटेच काढते. शनिवारी पोहोचावे, रविवारी त्याच्या शेजारी उपासनेला बसावे आणि मगच निघावे. वेळ, भाषा आणि परतीची सोय ही माहिती दोन चर्चची काढून ठेवावी, कारण पहिले आवडेलच असे नाही. पाळकांशी नुसता हात मिळवून भागत नाही. एखाद्या कुटुंबाशी ओळख करून द्यावी. ‘मागच्या रविवारी दिसला नाहीस?’ असे विचारते ते कुटुंबच.

एकट्या पडलेल्या मुलाकडे भली माणसे येतात, तशी दुसरीही येतात. बायबल अभ्यासाच्या नावाखाली जमलेला गट घरी फोन करू नको म्हणत असेल, मैत्री, पैसा, अभ्यास अशा प्रत्येक बाबतीत ‘मार्गदर्शका’ची परवानगी लागत असेल, कबूल करून घेतलेली पापे पुढे दबावासाठी वापरली जात असतील, तर तिथून उठून यायचे. धर्माच्या माणसाला ‘नाही’ म्हणणे पाप नाही, हे त्याने घरातच ऐकलेले असावे. पाळकांचा मान राखायला सगळेच शिकवतात, हे शिकवायचे राहून जाते.

फोनवर पहिलाच प्रश्न ‘चर्चला गेला होतास का?’ असा नको. काही आठवड्यांत त्याचे उत्तर ठरून जाते: ‘हो’, गेलेला असो वा नसो. ‘संदेश कशावर होता?’ हीसुद्धा वेश बदललेली हजेरीच. ‘या आठवड्यात तुझ्यासाठी कशाबद्दल प्रार्थना करू?’ असे विचारावे, उत्तर तारीख घालून वहीत लिहावे आणि पुढच्या फोनला त्या परीक्षेचे, त्या भांडणाचे काय झाले याची चौकशी करावी. निघताना शपथा घालू नयेत. इ.स. 383 मध्ये, पुढे संत म्हणून ओळखला गेलेला ऑगस्टीन रोमला निघाला तेव्हा आई मोनिका त्याला सोडेना. मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून तो रात्रीच्या गलबताने कार्थेजहून निघून गेला. पुढे मिलानला त्याला बिशप अँब्रोस भेटले आणि 387 च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. आईने अडवलेला प्रवास तो हाच.

‘मी सध्या चर्चला जात नाही’ असे मूल एखाद्या दिवशी म्हणालेच, तर ते खरे बोलले हे आधी जमेस धरावे. त्या वेळी वचने ऐकवू नयेत, फोन लवकर ठेवू नये, आणि पुढचा फोन ठरल्या दिवशीच करावा.

– एक संडे स्कूल शिक्षक