कोल्हापुरात चित्रकार म्हणून राहायचं तर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

एजन्सीतली नोकरी सोडून तू कोल्हापुरात परत येतोयस आणि यापुढं फक्त चित्रांवर घर चालवायचं ठरवलंयस, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात कशी करू, असं तू विचारलंयस. तुझ्या हाताबद्दल मला काळजी नाही. पण गावात राहून काम करणाऱ्या चित्रकाराचा अर्धा दिवस माणसांत जातो. घाटावर पाठीमागं जमणारी पोरं, वडिलांची तसबीर करून घ्यायला आलेलं घर, लग्नाचा मांडव, शाळेचे मुख्याध्यापक, प्रदर्शनाचे पाहुणे. ही बाजू कॉलेजात कुणी शिकवत नाही, म्हणून आज तीच लिहितो.

आधी घाटावरचं. पंचगंगेच्या घाटावर सकाळी सातच्या आत पोच. ऊन तिरपं असतं तोवर पायऱ्यांच्या आणि देवळांच्या सावल्या लांब, स्वच्छ मिळतात. दहानंतर सगळा दगड एकसारखा पांढुरका दिसायला लागतो. बसताना पाठ भिंतीला लाव. म्हणजे बघणारे बाजूला थांबतात आणि कागदावर त्यांची सावली पडत नाही. जिथं बायका धुणं धुतात, लोक अंघोळ करतात, त्या बाजूला तोंड करून चित्राची तिपाई लावू नकोस. एखाद्या माणसाला जवळून चित्रात घ्यायचं असेल तर आधी ‘काढू का?’ म्हणून विचार; बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात. देवळाच्या आवारात पुजाऱ्याला, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत तिथल्या रखवालदाराला विचारल्याशिवाय तिपाई उघडायची नाही. पोरं तर येणारच. एक जुना ब्रश आणि कागदाचे तुकडे वेगळे बाळग, त्यांनाही रंगवू दे. हाकलून लावलेली पोरं दुप्पट होऊन येतात, कामाला लावलेली पोरं गर्दी आवरतात.

‘केवढ्याला देणार?’ हा प्रश्न तासाभरात एकदा तरी येतो. जागेवर आकडा सांगू नकोस. ओलं चित्र उजेडात भडक आणि सुंदर दिसतं, वाळल्यावर दोन छटा फिकं पडतं. त्याची खरी योग्यता घरी भिंतीला लावल्यावर कळते. शिवाय घाटावर बोललेला आकडा संध्याकाळपर्यंत पेठेत फिरतो आणि पुढं तोच तुझा दर होऊन बसतो. कार्ड द्यायचं, ‘घरी या, आणखीही चित्रं दाखवतो’ म्हणायचं.

जलरंगासाठी कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड), शंभर टक्के सुती घे. पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा येतो. त्याचे चार भाग केले की ११ बाय १५ इंचांचा तुकडा मिळतो, तो एका बैठकीत पुरा होतो. चैत्र-वैशाखात आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, खाली येईपर्यंत वरचा सुकलेला असतो आणि मध्ये कडक रेघ राहते. त्यावर उपाय असा : कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा आणि ॲक्रिलिकच्या शीटवर सपाट चिकटवायचा. खालून ओल मिळत राहते. पावसाळ्यात नेमकं उलटं. वॉश सुकतच नाही, आपण घाई करून अर्धवट ओल्या रंगात पाण्यानं भरलेला ब्रश टेकवतो, ते जादा पाणी रंगाचे कण कडेला ढकलतं आणि कोबीच्या फुलासारखा डाग उठतो. तिथं लगेच पुसायला जाऊ नये. पूर्ण वाळू द्यावं, मग ओल्या ब्रशनं कडा मऊ कराव्यात. पावसाळ्यातली दुसरी अडचण साठवणीची. दमट हवेत कागदाची खळ (रंग लगेच आत शिरू न देणारा लेप) खराब होते आणि रंग टीपकागदात शिरावा तसा ठिपक्याठिपक्यांनी आत जातो. असा कागद कितीही महागाचा असला तरी वॉशसाठी बाद. उन्हाळा संपायच्या आत सगळे ताव प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेल घालून बंद करून ठेव.

रंगांत एक गोष्ट गिऱ्हाइकासाठी पाळ. जुना अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल आणि ते झगमगीत ऑपेरा पिंक उजेडात उडतात. विकायच्या चित्रात ते वापरू नकोस. ट्यूबवरचा टिकाऊपणाचा शिक्का बघूनच घे. घाटाच्या काळ्या दगडाला अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी पुरतात. दोन्ही दाणेदार बसतात, दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो.

आता तसबिरीचं. गावात वर्षभर येणारं काम हेच, आणि सगळ्यात नाजूकही हेच.

घरचे मोबाइलवरून फोटो पाठवतात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आकुंचित झालेला असतो, त्यात डोळ्यांच्या कडा विरघळलेल्या असतात. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग, किंवा मूळ छापील फोटो मागवून ६०० डीपीआयवर स्कॅन कर. पुष्कळदा फक्त पासपोर्टचा फोटो असतो. त्यात समोरून फ्लॅश पडलेला असल्यानं नाक आणि जबडा सपाट होतात. तेव्हा लग्नातले, सहलीतले आणखी फोटो माग, अगदी धूसर असले तरी चालतील. चेहऱ्याची घडण त्यांतून कळते. फोटो कृष्णधवल असेल तर भावाला किंवा मुलाला समोर बसवून कातडीचा रंग बघून घे.

पहिल्याच भेटीत दोन गोष्टी ठरव. एक, कोणत्या वयातले वडील हवेत. दोन, होकार कोण देणार. दोन भाऊ, तीन बहिणी असल्या की प्रत्येकाच्या आठवणीतले वडील वेगळे असतात, आणि पाचही जणांचं ऐकत बसलास तर शेवटी तो चेहरा कुणाचाच राहत नाही. एकाचं नाव लिहून घे, बाकीच्यांनी त्याच्याकडं बोलायचं.

मग मागण्या येतात. फेटा घाला, चष्मा काढा, कोट घाला. फेटा, कोट जमतो. चष्मा काढणं मात्र जड जातं, कारण काचेमागचे डोळे लहान-मोठे दिसतात आणि भुवयांचा भाग फ्रेमनं झाकलेला असतो. बिनचष्म्याचा फोटो मिळाला तरच हो म्हण. आणि ‘जरा उजळ करा’ हे तर हमखास येतं. कातडीचा रंग बदललास की ओळख जाते. त्याऐवजी पार्श्वभूमी दोन पायऱ्या गडद कर आणि कपाळावर, गालाच्या हाडावर प्रकाश नेमका ठेव. चेहरा आहे त्याच रंगात उजळ दिसतो आणि माणूस त्याचाच राहतो. सावळ्या माणसाला गोरं करून देणं मला पटत नाही, आणि शांतपणे समजावलं तर घरच्यांनाही पटतं.

१८ बाय २४ इंचांच्या कॅनव्हासवर डोकं साडेसात इंचांच्या वर नेऊ नकोस. खऱ्या माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण नऊ इंच असतं. चित्रातलं त्याहून मोठं झालं की ते भिंतीवरून अंगावर येतं. कोळशाचं रेखाटन झालं की घरच्यांना दाखव आणि निम्मे पैसे तेव्हाच घे. पातळ बर्न्ट अंबरमध्ये (गडद तपकिरी रंगात) छायाप्रकाश लागल्यावर दुसऱ्यांदा दाखव. त्यानंतर बदल फक्त एकदाच, असं आधीच सांगून ठेव. रेखाटनात नाक दोन दोरे सरकवायला मिनिट लागतं, रंगकाम झाल्यावर दिवस जातो.

तारखेचं विशेष. तसबीर बहुतेक वर्षश्राद्धाला हवी असते आणि घरचे तिथी सांगतात. कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख काढून घे. तैलरंगाचा वरचा थर बोटाला लागेनासा व्हायलाच आठवडा-दोन आठवडे जातात, पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि शेवटचं वॉर्निश तर सहा महिन्यांनी द्यायचं असतं. हातात दीड महिन्यापेक्षा कमी असेल तर सरळ ॲक्रिलिकमध्ये कर.

आणखी एक, जे बाहेरच्या चित्रकाराला सुचणार नाही : घरचे तसबिरीला गंध-कुंकू लावणार, ओला हार घालणार, समोर उदबत्ती लावणार. ती त्यांची माया आहे, ‘हात लावू नका’ म्हणणं योग्य नाही. तैलचित्राला एरवी काच लावत नाहीत, पण याला लाव, चित्र आणि काच यांत पाव इंच जागा सोडून. रंग पुरता वाळलेला नसताना काच बसवलीस तर आतून धुरकट थर धरतो. तेव्हा चौकट आधी दे आणि काच नंतर स्वतः जाऊन बसव. चौकटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत हारासाठी छोटे पितळी हूक ठोक, म्हणजे हाराचं पाणी चौकटीमागं झिरपत नाही.

हल्ली लग्नात बसून चित्र काढायला बोलावतात. पैसे बरे मिळतात, पण तयारी आदल्या दिवशीची. २४ बाय ३६ इंचांचा कॅनव्हास घेऊन हॉलवर जा, स्टेजची सजावट पाहून पार्श्वभूमी घरीच लाव. जवळजवळ निम्मं काम तिथंच संपवायचं. मुहूर्त मिनिटासह विचारून घे. अंतरपाट दूर होतो तो क्षण पकडायचा असतो आणि नेमका त्याच वेळी फोटोवाले समोर भिंत करून उभे राहतात. त्यांच्याशी आदल्या दिवशीच बोल, तुझी जागा दाखवून ठेव. स्टेजपासून १५ ते २० फुटांवर, प्लग जवळ असेल अशी, पण जेवणाच्या वाटेवर नको आणि डीजेच्या स्पीकरसमोर तर नकोच. सजावटीच्या गुलाबी-जांभळ्या दिव्यांखाली रंग साफ फसवतात. घरी आणल्यावर नवरी हिरवट दिसते. स्वतःचा पांढऱ्या उजेडाचा दिवा घेऊन जा आणि तो फक्त पॅलेट व कॅनव्हासवर पडेल असा वळव. पंख्याखाली ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं, म्हणून रिटार्डरचे (रंग उशिरा वाळवणाऱ्या द्रवाचे) चार थेंब आणि पाण्याचा फवारा जवळ ठेव. अक्षता ओल्या रंगात चिकटतात. मंगलाष्टकं सुरू झाली की कॅनव्हास थोडा पुढं झुकता कर, चिकटलेला दाणा तसाच सोड, वाळल्यावर नखानं निघतो. चेहरे तिथं पुरे करायचा अट्टहास नको. उभं राहण्याची ढब, शालूचा रंग, मामा कुठं उभे आहेत, एवढं तिथं पकड; चेहरे घरी फोटोवरून, आणि चित्र दोन आठवड्यांत पोचवायचं, हे आधीच ठरवून घे.

भिंतीची कामं शाळांकडून, मंडळांकडून येतात. दर चौरस फुटावर सांग, आणि परांची कुणी आणायची ते कागदावर लिही, कारण भांडण तिथंच होतं. भिंतीवर चिकटपट्टी दाबून लाव आणि झटक्यात ओढ. मागं चुन्याची भुकटी आली तर आधी खरवडणं आणि प्रायमर, नाहीतर पहिल्या पावसात चित्र पापुद्र्यांनी गळतं. नवं प्लास्टर किमान २८ दिवस सुकू दे. पांढरा खार फुटलेली ओली भिंत घेऊच नकोस. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय कोणताही रंग तिथं टिकत नाही.

प्रदर्शन पहिल्या वर्षीच कर, पण इथंच. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात तुला ओळखणारे लोक सहज येतात. मुंबईच्या काळा घोड्याजवळची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून प्रत्येक चित्रकाराच्या मनात आहे. तिथं नंबर लागायला काही वर्षं जातात, म्हणून अर्ज आत्ताच टाकून ठेव. जलरंगाचं चित्र काचेला टेकता कामा नये. मध्ये आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, नाहीतर दमटपणात कागद काचेला चिकटतो आणि बुरशीचे ठिपके येतात. टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ ते ६० इंचांवर ठेव. किमती आकारानुसार लाव, आणि घरी येणाऱ्यालाही तीच किंमत सांग. कलादालनातून विकत घेतलेल्याला आपण फसलो असं कधी वाटू नये. उद्‌घाटनाचा सत्कार आणि भाषणं अर्ध्या तासात आटप, लोकांना चित्रांपुढं मोकळं उभं राहू दे. विकलेल्या चित्राला लाल टिकली लाव, पण पैसे हातात आल्यावरच. आणि संध्याकाळी तू स्वतः तिथं हजर पाहिजेस. घाटावर कार्ड घेतलेले चहावाले, रिक्षावाले, तसबीर करून घेतलेली घरं, सगळी येतात. त्यांना नावानं हाक मार, त्यांच्या गल्लीचं चित्र कोणतं ते दाखव. पुढच्या वर्षाची कामं त्या गप्पांतून येतात.

शेवटी कागदपत्रांचं. प्रत्येक कामाचं एका पानाचं लेखी ठरव : आकार, माध्यम, बदल किती वेळा, तारीख, आगाऊ रक्कम. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ नीट वाच. एरवी चित्राचा हक्क काढणाऱ्याचा, पण कुणी पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा किंवा तसबिरीचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याकडं जातो. म्हणजे लग्नाचं किंवा शाळेच्या भिंतीचं चित्र तुला पुढं कॅलेंडरवर, कार्डावर छापायचं असेल तर ती ओळ आधीच त्या पानावर असली पाहिजे. मी वापरतो तो मराठी नमुना सोबत जोडला आहे. त्यात नाव-पत्ता आणि दर बदलून घे, आणि सामान लावून झालं की कळव. मंगळवार पेठेतल्या फ्रेमवाल्याकडं तुला घेऊन जायचं आहे, कारण माउंट सरळ कापणारा माणूस मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझाच,
अनिल