समुद्राला जाणारं पाणी

चि. समीर,

परवा फोनवर तू म्हणालास की बाबा, कोकणातलं एवढं पाणी नुसतं समुद्रात वाया जातं, ते बोगद्यातून इकडे वळवायचं काम आमच्या ऑफिसला मिळतंय, आणि मी गप्प बसलो. तुला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलं नव्हतं. ते वाक्य माझंच आहे रे. लहानपणी तुला सायकलवर पुढे बसवून धोमच्या कालव्यावर न्यायचो तेव्हा मीच सांगायचो, समुद्राला गेलेलं पाणी म्हणजे वाया गेलेलं पाणी. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात हेच म्हणत आलो. आणि तुझा फोन आला त्याच्या आदल्या शनिवारी मी तुझ्या ताईबरोबर इथल्या, हवाईतल्या एका खोऱ्यात दिवसभर गुडघाभर चिखलात उभा होतो, त्या खोऱ्याची हकीकत ऐकत. फोनवर धड सांगता आलं नसतं म्हणून टाइप करत बसलोय, बरंच मोठं होणार आहे, सवडीने वाच.

खोऱ्याचं नाव वायाहोले. होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहू बेटाच्याच दुसऱ्या अंगाला. मधे कोओलाऊ नावाचा डोंगर, सह्याद्रीसारखाच उभा तुटलेला कडा, हिरवागार, पाऊस पडला की शंभर ठिकाणी पांढऱ्या रेघा. वारा ईशान्येकडून समुद्रावरून येतो, ढग कड्याला अडकतात आणि सगळा पाऊस त्या बाजूला पडतो, पलीकडचं मधलं पठार कोरडं. महाबळेश्वर आणि माण, तसंच, फक्त अंतर अगदी थोडं. हे एवढं डोक्यात ठेव, पुढची सगळी भानगड यातनंच झाली.

तिथे दर महिन्याला लोक जमतात आणि अळूच्या खाचरात काम करतात, कोणीही जाऊ शकतं, ताई गेली दोन वर्षं जातेय. हो, अळूच. आपलं न्हाणीमागे वाढतं तेच, कच्चं खाल्लं की घसा खाजतो तेच. इथे त्याला कालो म्हणतात, आणि ते भातासारखं पाण्याच्या खाचरात लावतात, त्या खाचराला लोई म्हणतात. कंद उकडून दगडाने कुटून पोई करतात, ते त्यांचं रोजचं अन्न. पानात मांस बांधून तासन्‌तास शिजवतात, तुझ्या आईने खाल्लं नाही पण पानं कशी निवडलीयेत ते मात्र नीट बघून घेतलं.

त्यांच्यात गोष्ट अशी आहे की आकाशपिता वाकेआला पहिला मुलगा झाला तो जन्मतःच गेलेला, त्याला घराजवळ पुरलं, तिथून कालोचं झाड उगवलं. मग दुसरा मुलगा झाला, त्याचं नाव हालोआ, माणसं सगळी त्याच्यापासूनची. म्हणजे कालो हा थोरला भाऊ आणि आपण धाकटे. थोरला धाकट्याला खायला घालतो, धाकट्याने थोरल्याची देखभाल करायची. पोईचं भांडं उघडं असेल तर घरात भांडायचं नाही असा नियम आहे, कारण थोरला भाऊ ताटावर बसलेला असतो. मला हे फार आवडलं.

तिथे एक ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ होते, वयाने मोठ्या माणसाला इथे सगळे अंकल म्हणतात, अगदी आपल्या काकांसारखं, नातं असो नसो. त्यांना मी सांगितलं माझ्या गावाचं नाव वाई, तर त्यांनी माझा हात धरूनच ठेवला. हवाईयन भाषेत वाई म्हणजे पाणी. आणि वाइवाइ म्हणजे संपत्ती. पाणी दोनदा म्हटलं की झाली संपत्ती, असं म्हणून ते मला खाचराच्या वरच्या तोंडाशी घेऊन गेले आणि म्हणाले इथे हात घाल. डोंगरातलं पाणी, गार, बोटं आखडतील असं. मग खालच्या तोंडाशी नेलं, जिथून पाणी बाहेर पडून पुढच्या लोईत जातं, म्हणाले आता इथे. किंचित कमी गार, बस. ते म्हणाले, हे कोमट लागलं की समज कंद सडायला लागला. कालोला नुसतं पाणी भरून चालत नाही, ते वाहतं लागतं, गार लागतं, आणि वापरून झालं की पुढे सोडायचं असतं. मी इतकी वर्षं पाणी मोजलं पण असं हाताने, तापमानावर, कधी मोजलं नव्हतं.

आता जुनी व्यवस्था ऐक, तुला इंजिनिअर म्हणून आवडेल. बेटाचे भाग पाडलेले असायचे ते डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या खडकांपर्यंत, बऱ्याच ठिकाणी एकेक खोरं म्हणजे एकेक भाग, त्याला आहुपुआआ म्हणतात. वर लाकूड आणि औषधी, मधे कालो, खाली खाडीत मासे, सगळं एकाच वाट्यात, म्हणजे वरच्याला खालच्याची गरज आणि खालच्याला वरच्याची. देखरेखीला तिथल्या सरदाराने नेमलेला कोनोहिकी. ओढ्याला दगडमातीचा बांध घालून पाट काढायचे, तो आउवाई. पाण्याची बारी ठरवायला लुना वाई, म्हणजे आपला पाटकरीच की, धुळ्याकडे पांझरा नदीवर फडात, म्हणजे गावाच्या सामाईक पाटाच्या शेतीत, असतो तसा. हे नियम एमा नाकुइना नावाच्या बाईंनी १८९० च्या दशकात लिहून ठेवले, त्या स्वतः पाण्याच्या तंट्यांचे निवाडे करायच्या. पाट खोदायला ज्याने जितकी माणसं दिली त्याला तितका पाण्याचा वाटा. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: बांधाच्या खाली ओढ्यात जेवढं पाणी उरतं त्याच्यापेक्षा जास्त पाटाने उचलायचं नाही. म्हणजे निम्मं ओढ्याचं ते ओढ्याचं. मी दोनदा विचारलं, खरंच निम्मं? अंकल म्हणाले, ते पाणी काय आमचं होतं का.

मग १७७८ ला कॅप्टन कूक आला, मागून रोगराई आली आणि माणसं मरत गेली, १८५३ च्या जनगणनेत मूळचे हवाईयन फक्त सत्तर हजारांच्या आसपास उरले होते. त्याच सुमाराला जमिनीचा कायदा बदलला. १८४८ ला माहेले म्हणजे वाटणी झाली, राजा आणि सरदारांत, आणि १८५० ला कसणाऱ्यांसाठी कुलेआना कायदा. कुलेआना या शब्दाचा अर्थ हक्क पण आहे आणि जबाबदारी पण, एकाच शब्दात दोन्ही. कागदावर चांगला होता कायदा, कसतोस ती जमीन तुझी. पण आधी दावा दाखल करा, साक्षीदार आणा, मोजणीचा खर्च भरा, आणि ज्या माणसाला जमीन कोणाच्या मालकीची असते हेच माहीत नाही तो कशाला ऑफिसात जाऊन आपल्या खाचराचा दावा लावेल? शेवटी कसणाऱ्यांच्या हाती एक टक्काही जमीन आली नाही. त्याच वर्षी परदेशी लोकांना जमीन विकत घ्यायची परवानगी मिळाली. सातबाऱ्यासाठी हेलपाटे घालणारी माणसं मी आयुष्यभर बघितलीयेत, त्यामुळे ही गोष्ट ऐकताना तोंडावर पाणी मारून घ्यावंसं वाटलं.

मग ऊस. पलीकडचं कोरडं पठार उसाला झकास, ऊन भरपूर, माती चांगली, फक्त पाणी नाही. आणि पाणी सगळं डोंगराच्या या बाजूला. पुढचं तूच सांगू शकशील, आपणही तेच केलं असतं. १९१३ ते १९१६ मधे कोओलाऊच्या पोटातून बोगदा मारला, मुख्य बोगदा चार किलोमीटरच्या वर, खोदणारे बहुतेक जपानी मजूर. काम अफाट आहे समीर, त्या काळात, त्या खडकात, मी टोपी काढतो. पण ऐक. तो डोंगर ज्वालामुखीचा, त्यात उभ्या कठीण खडकाच्या भिंती, आणि दोन भिंतींमधे पाणी साठून राहायचं, वर्षानुवर्षांचं, टाकीसारखं. तेच झिरपून ओढ्यांना बारमाही पाणी द्यायचं. बोगद्याने त्या टाक्यांनाच भोक पाडलं. म्हणजे नुसतं ओढ्याचं पाणी वळवलं असं नाही झालं, ओढ्याचं मूळच फोडलं. रोज २ कोटी ७० लाख गॅलन पाणी पलीकडे जायला लागलं, आपल्या हिशोबात ४० क्युसेकच्या वर, बारा महिने. इकडे पाट आटले, खाचरं ओस पडली, पाणी गेल्यावर मागे राहून करायचं काय म्हणून लोक शहराकडे गेले.

जे राहिले ते भाडेपट्ट्याने शेती करत राहिले, हवाईयन, जपानी, फिलिपिनो, रताळी, पपई, केळी. सत्तरच्या दशकात जमीनमालकाला तिथे हजारो घरांची वसाहत उठवायची होती, नोटिसा आल्या. लोक हलले नाहीत. १९७७ च्या जानेवारीत एका रात्री खबर आली की पोलीस घरं खाली करायला निघालेत, तर बायकापोरांसकट सगळे उतरून हायवे अडवून उभे राहिले. त्या रात्री पोलीस आलेच नाहीत. त्याच वर्षी गव्हर्नर जॉर्ज आरियोशींच्या सरकारने सुमारे ६०० एकर जमीन विकत घेतली आणि माणसं राहिली. अंकल त्या रात्री तिथे होते, एवढंच म्हणाले की थंडी होती आणि कोणीतरी सगळ्यांना कॉफी दिली.

जमीन वाचली पण पाणी बोगद्यातच. आणि मग नव्वदच्या दशकात ऊसच बंद पडला, १९९५ ला पलीकडच्या ऊस कंपनीची शेवटची तोड झाली. तर पाणी परत यायला हवं ना? आलं नाही. पलीकडे ते ओढ्यानाल्यात सोडून दिलं जात होतं आणि तरी मागणारे रांगेत उभे होते, शेती, गोल्फ, बिल्डिंगी. खोऱ्यातल्या लोकांना हे कळल्यावर त्यांनी अर्ज केला की आमचं पाणी आमच्या ओढ्यात सोडा. जल आयोगापुढे केस चालली, दीडशेच्या वर साक्षीदार. आणि तिथे पलीकडच्यांचं म्हणणं काय होतं माहितीये? की ओढ्यात सोडलेलं पाणी समुद्रात वाया जाईल. माझंच वाक्य, सात समुद्र ओलांडून.

आता हे नीट वाच. त्या ओढ्यात ओओपू नावाचा बोटाएवढा मासा असतो. अंडी घालतो वरती, गोड्या पाण्यात. पिल्लं बाहेर आली की प्रवाहाबरोबर वाहत समुद्रात जातात, काही महिने तिथे वाढतात आणि मग उलटी येतात, पोटाखाली चिकटून राहायला एक वाटीसारखा अवयव असतो, त्याने धबधब्याचा ओला खडक धरत धरत वर चढतात. ओढा डोंगरापासून समुद्रापर्यंत अखंड वाहिला तरच हा मासा जगतो. मधे कोरडं पडलं की संपलं. आणि खाली कानेओहेची खाडी, तिथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं त्या पट्ट्यात माशांची पिल्लं वाढतात. म्हणजे समुद्राला जाणारं ते पाणी तिथे कामावर जात होतं. मी कधी विचारच केला नाही की कालव्याच्या टोकाला जसं लाभक्षेत्र असतं तसं नदीच्या टोकालाही असतं.

१९९४ च्या शेवटी काही पाणी ओढ्यात सोडलं आणि लोकांनी सांगितलं की थोड्याच दिवसात ओढा धुऊन निघाला, देशी मासे दिसायला लागले. २२ ऑगस्ट २००० ला हवाईच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. पाणी ही सगळ्यांची ठेव आहे, सरकार तिचा फक्त विश्वस्त, ओढ्यात पाणी वाहतं राहणं हासुद्धा पाण्याचा उपयोगच आहे, आणि ज्याला पाणी उचलून न्यायचंय त्यानेच आधी दाखवायचं की आपल्याला ते खरंच लागतं. खोऱ्यातल्या माणसाने ओढा कसा मेला हे सिद्ध करत बसायचं नाही. सगळं पाणी परत आलं असं नाही, बोगद्यातून आजही काही पलीकडे जातं, तिथल्या भाजीपाल्याला लागतंच, आणि ते मला चुकीचंही वाटत नाही. पण आता ते विचारून, मोजून जातं.

शनिवारी मी एक वाफा काढला. कंद हाताने हलवत हलवत उपटायचा, चिखल धरून ठेवतो, मग एकदम सुटतो. मग धारदार सुरीने कंदाच्या डोक्याचा पातळसा काप देठासकट ठेवून बाकीचा कंद वेगळा करायचा. तो देठ म्हणजे हुली, तोच परत चिखलात खोचायचा, वर्षभराने पुन्हा कंद. अंकलनी दाखवलं की हे देठ कोणाच्या तरी पणजोबांनी लावलेल्याचेच आहेत, बी कधी बदललंच नाही. बाजूला जी पिल्लं फुटतात ती ओहा, आणि त्यावरून कुटुंबाला ओहाना. संध्याकाळी त्यांनी बांधाचे चार दगड सरकवले आणि पाणी आत यायला लागलं, पहिल्या वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटच्यातून परत ओढ्यात. मी शेवटच्या तोंडाशी जाऊन हात घालून उभा राहिलो, ताईने हाक मारेपर्यंत.

तू ते काम सोड असं मी म्हणत नाहीये. माणच्या माणसाला पाणी हवंय, तिथली टँकरची रांग तू पण बघितलीयेस. मला एवढंच सांग की तुमच्या रिपोर्टात बांधाच्या खाली काय काय लिहिलंय. नदीकाठची गावं, त्यांच्या विहिरी, खाडीतले मच्छीमार, यांची पानं आहेत का? की नदी बांधाशीच संपवलीये? नकाशा असेल तर पाठव, मी बघतो. आणि साईटवर जाशील तेव्हा बोगद्याच्या जागेवर जाऊन परत फिरू नकोस, गाडी खाडीपर्यंत ने, तिथे एक दिवस राहा.

आईचा निरोप, रविवारी वाईला गेलास तर न्हाणीमागचं अळू तोडून सगळ्या शेजाऱ्यांना वाट, पानं मोठी झाली असतील. कंद मात्र काढू नकोस. आम्ही वीस तारखेला येतोय, ते मी काढणार आहे, देठ परत लावायचेत.

तुझा,
बाबा