बल्गेरियात फुलं मोजूनच न्या

संपादक महोदय,

बल्गेरियात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथले शकुन-अपशकुन आधीच सांगायला हवेत. कुणाकडे फुलं नेताना देठ मोजावेत: ३, ५ किंवा ७. सम संख्येतली फुलं तिथे अंत्यविधीला नेतात, त्यामुळे डझनभर गुलाब नकोतच. सातातला एक देठ वाटेत मोडला, तर आणखी एक काढून टाकावा. परीक्षेला निघालेल्यासमोर उंबऱ्यावर पाणी ओततात, काम पाण्यासारखं सुरळीत व्हावं म्हणून. त्यात मला तरी निव्वळ माया दिसते. पर्स जमिनीवर ठेवू नये, पैसा जातो म्हणतात. १ मार्चला भेट मिळालेला मार्तेनित्सा, म्हणजे लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा गंडा, पहिला करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत मनगटावर ठेवावा, मग फांदीला बांधावा.

– एक वाचक