पंपाच्या पाठीवरचा आकडा

चि. राजास,
आईचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तुझी सॅक धुवायला काढली, तेव्हा आतल्या कप्प्यात तुझा दम्याचा रोजचा पंप सापडला. पाठीवरच्या चौकोनात किती डोस उरलेत ते दिसतं, तिथे ९६ हा आकडा होता. गणपतीत तू माझ्यासमोर पंप घेतलास तेव्हाही तिथे ९६च होते. धाप लागली की घ्यायचा निळा पंप मात्र पॅन्टच्या खिशात, जवळजवळ संपलेला. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं म्हणून तेव्हा बोलले नाही. फोनवर तू ‘हो आई, घेतो’ म्हणतोस आणि विषय मिटतो, म्हणून आज लिहायला बसले.

अठरा वर्षं मी शाळेत श्वसनसंस्था शिकवतेय. नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका, तिचे दोन फाटे, दोन फुप्फुसं, खाली श्वासपटल. फळ्यावरची ती आकृती डोळे मिटूनही काढेन. नाकाबद्दल मी मुलांना नेहमी जरा जास्त सांगते, कारण त्याची कुणाला किंमत नसते. पुण्याची पहाटेची गार, कोरडी हवा नाकातून घशात उतरेपर्यंत कोमट आणि ओलसर झालेली असते, धूळही बरीचशी गाळली गेलेली असते. तोंडाने ओढलेली हवा मात्र बरीचशी तशीच आत जाते. सिंहगड चढताना तुला खोकल्याची उबळ येते ना, ती यामुळेही.

श्वासनलिका दहा-बारा सेंटिमीटरची. तिला कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक अशी, सोळा ते वीस कडी असतात, म्हणून ती मिटत नाही. पुढे एकीच्या दोन, दोनांच्या चार, असे सुमारे तेवीस वेळा फाटे फुटत जातात. टोकाला वायुकोश, मोठ्या माणसात साधारण अठ्ठेचाळीस कोटी. त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास भरतील, म्हणजे आपलं सगळं घर, गॅलरी धरून. तुझे वायुकोश ठणठणीत आहेत, राजा. अडचण आहे ती त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटेत.

फाटे एक मिलिमीटरहून बारीक झाले की कूर्चा संपते. तिथून पुढच्या नळीला आधार द्यायला कडं नाही, भोवती नुसता स्नायूंचा वेढा. दम्यात हा स्नायू आवळतो, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साचतो. माझी फळ्यावरची आकृती नेमकी या नळ्यांच्या आधी संपते. तू इंजिनिअरिंगचा, तुला सूत्र माहीत असेल: नळीची त्रिज्या निम्मी झाली की विरोध दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणून थोडीशी सूजसुद्धा थोडीशी नसते. श्वास घेताना छाती फुलते, तेव्हा या नळ्या जरा उघडतात तरी. सोडताना त्या आणखी दबतात. जुनी हवा आत अडकून राहते आणि नव्या हवेला जागाच उरत नाही.

आता जे सांगतेय ते तुला पूर्ण माहीत नाही. तू सहा वर्षांचा होतास. दोन महिने खोकला नव्हता, रात्री शांत झोपत होतास. ‘पंपाची सवय लागते गं, एवढ्याशा पोराला कशाला’ असं चार जणींनी सांगितलं आणि मी पंप बंद केला. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. विज्ञान शिकवणारी मी! तीन आठवड्यांनी पहाटे जाग आली तर तू दोन्ही हात गादीवर टेकवून पुढे वाकून बसलेला. दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, गळ्याखाली खळगा पडत होता. ‘आई’ म्हणालास, थांबलास, मग ‘पाणी’ म्हणालास. रिक्षात छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. दवाखान्याच्या पायरीपर्यंत तो थांबला आणि मला वाटलं, उतार पडला. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला मात्र, धावपळ सुरू झाली. शिट्टी वाजायलाही नळीतून थोडी हवा जावी लागते, हे मला त्या पहाटे कळलं.

निळा पंप आवळलेला स्नायू सैल करतो. पाच मिनिटांत बरं वाटतं, चार-सहा तास टिकतं. पण सूज तो कमी करत नाही. ते काम रोजच्या पंपाचं. सूज दुखत नाही, दिसत नाही, म्हणून आपण बरे झालो असं वाटतं. नुसत्या निळ्या पंपावर भागवू नये, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१९ पासून स्पष्ट म्हटलं आहे. रोजच्या पंपातल्या औषधाच्या ‘स्टिरॉइड’ या शब्दाला तू घाबरतोस, तेही मला कळतं. पण पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट नळ्यांवर पडतं. त्या पहाटेनंतर तुला ज्या गोळ्या द्याव्या लागल्या, त्या मिलिग्रॅममधल्या होत्या आणि सगळ्या अंगभर फिरणाऱ्या. मी वाचवायला गेले थेंबभर आणि तुझ्या पोटात गेलं कितीतरी जास्त.

बाबांबरोबर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, पाठवलाय. आधी श्वास पूर्ण सोड, मग पंप दाबून सावकाश आत घे आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धर. नंतर खळखळून चूळ भर, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येते. शनिवारी तिथल्या डॉक्टरांना दाखव आणि ‘पंप सोडला होता’ हे त्यांना स्वच्छ सांग. लपवलंस तर ते औषध वाढवतील, जे वाढवायची कदाचित गरजही नसेल. आणि खरंच कमी करायचं असेल तर कसं आणि कधी, हे त्यांनाच विचार.

रविवारी रात्री फोन करशील तेव्हा आधी पंपावरचा आकडा सांग. मग मेसचं, परीक्षेचं, सगळं ऐकते.

तुझी,
आई