सूचना : युवक शिबिराच्या आवारातील दुरुस्तीसेवेबाबत

ख्रिस्तात प्रिय ज्येष्ठ बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

मे महिन्यातील युवक शिबिरापूर्वी जालन्याजवळील आपल्या शिबिराच्या आवाराची डागडुजी करण्यासाठी सेवानिवृत्त दांपत्यांनी येत्या सोमवारपासून शनिवारपर्यंत मुक्कामी यावे, ही नम्र विनंती.

गेल्या वर्षी अवकाळी पावसात पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून पाणी गळून मुलींची अंथरुणे भिजली होती, म्हणून ते काम सर्वांत आधी घ्यायचे आहे. पत्र्यावर मिस्त्रीच चढेल. साठीपुढील कोणीही शिडीवर पाय ठेवू नये, खालून वायसर व डांबर पुरवावे. विहिरीसाठी दर १००० लिटर पाण्यास २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडावे.

– उन्हामुळे काम सकाळी ६ ते १० व सायंकाळी ५ नंतरच होईल.
– रोजची औषधे, टोपी, पक्कड-पाने सोबत आणावेत.
– स्वयंपाक एकट्या भगिनींवर सोपवू नये. तो सर्वांनी मिळून करावा.

नावे रविवारच्या उपासनेनंतर चिटणिसांकडे द्यावीत.

आपला,
देखभाल समितीप्रमुख