वीस पौंडांची गोष्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, आफ्रिकेतल्या कादंबऱ्यांत हुकूमशहा आणि बंदुकांशिवाय काय असणार? तेव्हा गडबडीत गप्प बसलो, पण ते मनातून जाईना.

चिनुआ अचेबेची 'नो लाँगर ॲट ईज' वाच. 1960 ची, नायजेरिया स्वतंत्र झाला त्याच वर्षाची. सुरुवातीलाच ओबी ओकोंक्वो लाच घेतल्याबद्दल कोर्टात उभा आहे. शेवट आधीच कळतो. हा भला मुलगा तिथवर पोचला कसा, एवढंच उरतं. गावच्या मंडळानं 800 पौंड कर्जाऊ देऊन त्याला विलायतेला शिकवलं. लागोसला सरकारी नोकरी लागली, शिष्यवृत्त्यांचं काम. पहिली लाच त्यानं ताठ मानेनं नाकारली. पण कर्जाचे हप्ते, आईवडिलांचे पैसे, भावाची फी, गाडीचा विमा, विजेचं बिल... वाण्याच्या वहीसारखा हा हिशेब वाढत जातो आणि वाचताना मला घाम फुटला. शेवटी वीस पौंडांत पकडला जातो. मंडळींना हळहळ कशाची, तर एवढ्याशासाठी अडकला याची!

दुसरी घानाची, आयी क्वेई आर्माची, 1968 ची 'द ब्यूटिफुल वन्स आर नॉट येट बॉर्न'. नायक रेल्वेतला कारकून, त्याला नावच नाही. लाकडाचा व्यापारी ओंडके हलवण्यासाठी पैसे पुढे करतो, हा घेत नाही आणि घरी बायकोची बोलणी खातो. ती त्याला चिचिडोडो म्हणते: विष्ठेची शिसारी असलेला, पण तिच्यातल्याच अळ्या खाऊन जगणारा पक्षी. तिथे मी पुस्तक मिटलं. बाबा जकात नाक्यावर होते, तुला ठाऊकच आहे. आई असं कधी बोलली नाही. पण शेजारी, बाबांच्याच बरोबरीच्या माणसाकडे, फ्रिज आला त्या संध्याकाळी दोघं किती वेळ गप्प बसले होते, ते मला अजून दिसतं. सरळ माणसाला घरातसुद्धा किती एकटं पडावं लागतं, हे इतक्या जवळून लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पुढे लष्कर घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांचं सरकार उलथतं, मंत्री कूमसन संडासाच्या भोकातून पळतो. वाटतं, सुटलो. पण नव्या राजवटीतही पोलीस बस अडवतो आणि ड्रायव्हर लायसन्समध्ये नोट सरकवतो. कादंबरीचं नाव त्याच बसवर रंगवलेलं आहे.

अचेबेची माझी प्रत पोस्टानं पाठवतोय. शेवटच्या कोऱ्या पानावर ओबीचा महिन्याचा हिशेब पेन्सिलीनं मांडलाय, तो आधी बघू नकोस. तू स्वतः मांड, आणि त्यानं कुठला खर्च टाळायला हवा होता ते मला कळव.

तुझा,
विनय