वादळ कोणते, हवेतले की सभागृहातले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाचे जुने अंक लवकरच संगणकावर शोधता येणार, हे वाचून आनंद झाला. हे काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. कोणत्याही जुन्या संग्रहात 'वादळ' शब्द टाकून पाहावा. समुद्रावरचे वादळ हाती लागण्याआधी विधिमंडळातली वादळी चर्चा, पुढाऱ्याचा झंझावाती दौरा, फलंदाजाची तुफानी खेळी आणि पेल्यातली कितीतरी वादळे समोर येतात. हवामानाच्या जुन्या नोंदी धुंडाळणारा माणूस इथेच निम्मा दमतो.

मथळ्यावरून काही कळत नाही, मजकुरात शिरावे लागते. खऱ्या वादळाच्या बातमीत बहुधा काहीतरी मोजलेले असते: वायुभारमापकातला पारा किती उतरला, वारा नैर्ऋत्येकडून कुठे फिरला, नांगर तुटून कोणते गलबत वाहून गेले. लाक्षणिक वादळाला दिशा नसते. ते नुसते उठते, घोंगावते आणि दुसऱ्या दिवशी खुलासा आला की शमते.

तारखेचाही घोळ असतो. ८ सप्टेंबर १९०० रोजी अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन बेटावर वादळ धडकले. तारा तुटल्या, मुख्य भूमीकडचे पूल गेले. काही जण बोटीने पलीकडे पोहोचले, तेव्हा कुठे १० तारखेला ह्यूस्टनहून तार गेली. तिच्यात मृतांचा अंदाज ५०० होता. प्रत्यक्षात काही हजार माणसे दगावली होती. म्हणजे ज्या गावाचे सर्वाधिक नुकसान, तेच पहिल्या बातमीत गप्प. म्हणून नोंद करताना छापल्याची तारीख आणि घटनेची तारीख वेगळी ठेवावी.

१८५९ साल तर वर्गवारी करणाऱ्याची परीक्षाच घेते. सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वात मोठी खळबळ झाली. तारयंत्रे बिघडली, तारमास्तरांना झटके बसले, काही ठिकाणी तर बॅटरी काढून टाकल्यावरही संदेश गेले. खरे वादळ म्हणावे तर वारा नाही, आणि लाक्षणिक म्हणावे तर झटके खरे! ऑक्टोबरअखेर मात्र ब्रिटनच्या किनाऱ्यावर अस्सल वादळ झाले. 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सजवळ खडकांवर फुटले आणि सुमारे ४५० माणसे बुडाली. त्यानंतर ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ पासून बंदरांना तारेने वादळाचे इशारे देणे सुरू केले. त्याच वर्षी ऑगस्टपासून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हवेचा अंदाजही छापून येऊ लागला. अंदाज चुकले की टीकेची झोड उठे. १८६५ मध्ये फिट्झरॉय वारले, पुढच्या वर्षी इशारे बंद झाले आणि दर्यावर्दींनी ओरड केल्यावर १८६७ मध्ये पुन्हा सुरू झाले. आता वादळाच्या इशाऱ्यांवरून उठलेले हे वादळ संगणकाने कोणत्या खणात ठेवायचे?

यंत्राला हे जमेल तेव्हा जमो. तोवर वाचणाऱ्या माणसाने प्रत्येक बातमीवर 'हवामान' किंवा 'इतर' एवढी खूण करावी. शोधात 'तुफान', 'झंझावात', 'सोसाट्याचा वारा' हे शब्दही जोडावेत. 'सायक्लोन' हा शब्दच वादळांचे अभ्यासक हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात बसून १८४८ च्या सुमारास रूढ केला. त्याआधीच्या इंग्रजी अंकांत तो शोधण्यात अर्थ नाही.

लाक्षणिक वादळे छापूच नका, असे मी म्हणणार नाही. मथळ्याला जागा चिमूटभर, आणि 'सभागृहात तीव्र मतभेद' कोण वाचणार? मात्र किनाऱ्यावर चक्रीवादळाचा इशारा असेल त्या दिवशी पहिल्या पानावर दुसरे वादळ नको, एवढे उपसंपादकांना जरूर सांगावे.

आपला,
एक नियमित वाचक